एक आकडा, दोन कामं

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टिंकर हवाईदल तळाने मागणी केली: आमचा संगणक अर्पानेटला (इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याला) दोन तारांनी जोडा, म्हणजे एक तुटली तरी काम अडणार नाही. हा किस्सा संगणक-जाळ्यांचे अभियंते जॉन डे सांगतात. अडचण अशी की अर्पानेटमध्ये पत्ता संगणकाला नव्हताच; तार जिथे खोचली त्या जागेला होता. तारा दोन, म्हणून जाळ्याच्या लेखी संगणकही दोन!

दुखणं कळायला वेळ लागला नाही. झेरॉक्सच्या जॉन शॉक यांनी १९७८ मध्येच नाव, पत्ता आणि मार्ग या तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या. सप्टेंबर १९८१ मधल्या आयपीच्या, म्हणजे पॅकेटं पत्त्यावर पोचवणाऱ्या नियमावलीच्या, दस्तऐवजातही हा भेद नोंदला आहे. गंमत म्हणजे त्याच महिन्याच्या टीसीपीच्या, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या नियमावलीच्या, दस्तऐवजाने जोडणीची ओळख आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांकाला बांधून टाकली. म्हणजे ‘कोण’ आणि ‘कुठे’ पुन्हा एकाच आकड्यात.

त्याची किंमत मागाहून कळली. वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं की पत्ता बदलतो आणि टीसीपीची जोडणी तुटते. दोन पुरवठादारांकडून इंटरनेट घेणाऱ्या कंपनीला आपले पत्ते जगभर स्वतंत्रपणे जाहीर करावे लागतात, आणि ती नोंद इंटरनेटच्या कण्यातल्या राउटरांना वागवावी लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी अशा नोंदी ५,१२,००० च्या वर गेल्या. जुन्या राउटरांची त्यासाठी राखलेली मेमरी संपली आणि ठिकठिकाणी सेवा कोलमडल्या.

ओळख आणि ठिकाण यांच्या फारकतीचे प्रयत्न बरेच झाले. यूयूनेट या इंटरनेट पुरवठादार कंपनीच्या माइक ओडेल यांनी १९९६ मध्ये आयपीच्या नव्या आवृत्तीतल्या, आयपीव्ही६च्या, पत्त्याचे १६ बाइट अर्धे-अर्धे वाटायचं सुचवलं: आठ ठिकाणाला, आठ ओळखीला. ते मान्य झालं नाही. बॉब मॉस्कोविट्झ यांच्या ‘हिप’ या पद्धतीत संगणकाची ओळख म्हणजे सार्वजनिक गुप्तलेखन-किल्ली. ऑक्टोबर २००६ मध्ये राउटरांवरच्या या वाढत्या भारावर ॲमस्टरडॅमला कार्यशाळा भरली. त्यानंतर सिस्कोच्या डिनो फॅरिनाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘लिस्प’ आलं. यात मूळ पॅकेटभोवती ठिकाणाच्या पत्त्याचं दुसरं वेष्टन चढतं. मात्र कुठली ओळख सध्या कुठे आहे, हे सांगणारी नोंदवही आधी पाहावी लागते.

यातलं काहीच सर्वत्र रुजलं नाही. बुद्धी कमी पडली असं नव्हे, हिशेब जुळेना. बदल करायचा कडेच्या जाळ्यांनी, भार हलका व्हायचा कण्यातल्या राउटरांचा. तो खर्च कोण करणार?

शेवटी, निदान तुटणाऱ्या जोडणीपुरती, वाट निघाली ती आयपीच्या वरच्या मजल्यावरून. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या नियमावलीत जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो. फोनचा आयपी पत्ता मध्येच बदलला, तरी सर्व्हर त्या क्रमांकावरून जोडणी ओळखतो. राउटरांना यातलं काही ठाऊकही नसतं.