बॉनेटखालचं पाणी

आजचा विषय जरा तेलकट आहे. गाडीचं बॉनेट उघडून आतलं इंजिन घरच्या घरी साफ करायचं. यात कसला आलाय इतिहास? आहे, आणि तो आपल्या लातूरपर्यंत येतो.

अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 आठवा. तेव्हा इंजिन धुणं म्हणजे ब्रश, रॉकेल आणि वरून पाण्याचा पाईप. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं की गाडी रुसायची. मेकॅनिक टोपी काढून फडक्याने पुसायचा, जरा उन्हात ठेवायचा, की गाडी चालू. त्या इंजिनाला धुणाऱ्याच्या चुका पोटात घालायची सवय होती. रॉकेल पेट घेतं, रबरी पाईप फुगवतं, हे कोण बघतंय!

2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले. कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय आलं. बॉनेटखाली सेन्सर, कनेक्टर आणि ईसीयू, म्हणजे चक्क कॉम्प्युटर येऊन बसला. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच पटतं: लॅपटॉपवर कुणी प्रेशरचा पाईप मारतं का? पण धुण्याची सवय मात्र जुनीच राहिली. गाडी वॉशिंगला न्यायची आणि ‘इंजिनपण मारा’ म्हणायचं.

मग 2016 उजाडलं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून कलम 144 लावलं. पाण्यासाठी जमावबंदी, विचार करा! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, 10 वॅगन, साधारण 5 लाख लिटर. पुढे 50 वॅगनची ‘जलदूत’ येऊ लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. मला या सगळ्यात एक बारीक गोष्ट फार आवडते. पिण्याचं पाणी भरण्याआधी त्या वॅगन राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुतल्या होत्या. पाणी आणायच्या टाक्या, आणि त्या धुतल्या वाफेने!

त्याच वर्षी मी बीटेकला नांदेडला, विष्णुपुरीला गेलो. तिथे गोदावरीचं एवढं पाणी दिसायचं, तरी बादलीभर पाणी सांडलं की पोटात कालवायचं. लातूरकरांना हे सांगायला नको.

म्हणून इंजिनापुरता माझा हिशोब दोन लिटरचा आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, गरम इंजिनावर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा. घड्याळ शून्यावर जाईल, जाऊ द्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू आणि हवा आत जाते ते तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. आपल्या काळ्या मातीची धूळ आधी कोरडीच, मऊ ब्रशने काढायची; ओली केली की चिखल होतो आणि फटीत बसतो. बहुतेक काम इथेच संपतं. तेलकट जागेवर डिग्रीझर फडक्यावर घेऊन लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, ओल्या मायक्रोफायबरने पुसा. रॉकेल-पेट्रोल नको. पाईप नको. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारंगी केबलला हातच लावायचा नाही.

पुसून झाल्यावर तासभर बॉनेट उघडं ठेवा. सगळ्या पिशव्या काढल्यात का ते मोजा, मगच बॅटरी जोडा. आणि कोपऱ्यात उंदराचं घरटं किंवा कुरतडलेली वायर दिसली तर गाडी चालू करू नका. फोटो काढून आधी मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅप करा.