बँक लुटणारे भाऊ आणि सुप्याच्या वह्या

आळेफाट्याला ज्यांनी कधी एसटी बदलली असेल त्यांना हा चौक समजावून सांगायला नको. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात. एका बाजूला कांद्याचे ट्रक, दुसऱ्या बाजूला माळशेज उतरून कल्याणला जाणारी भाजी, आणि मधे चहाच्या गाड्या. आमचं घर चौकापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला शिकणारा भाचा आला होता. त्याच्या लॅपटॉपवर आम्ही रात्री एक इंग्रजी सिनेमा पाहिला, 'हेल ऑर हाय वॉटर'. २०१६ चा. डेव्हिड मॅकेन्झीचं दिग्दर्शन, टेलर शेरिडनचं लेखन, ऑस्करची चार नामांकनं. भाचा म्हणाला, "मामू, काउबॉयचा पिक्चर आहे, आजचा. तुम्हाला आवडेल." मी म्हटलं, बघू. दोन तासांनी सिनेमा संपला तेव्हा अब्बाही आमच्या मागं येऊन बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जमीन सुटली का?"

मी त्या प्रश्नावर बरेच दिवस विचार करतोय. टेक्सासच्या माळरानावरच्या दोन चोरांची गोष्ट आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या माणसाला भाषा न कळता कशी कळली?

सिनेमा थोडक्यात असा. टोबी आणि टॅनर हे दोघं भाऊ. आई वारलीय. तिनं जमिनीवर बँकेचं कर्ज घेतलेलं, ते फिटलं नाही तर ठरलेल्या दिवशी जमीन बँकेची होणार. आणि त्याच जमिनीखाली आता तेल सापडलंय. धाकटा टोबी शांत, थोरला टॅनर तुरुंगातून सुटून आलेला, डोक्यानं तापट. दोघं मिळून त्याच बँकेच्या छोट्या छोट्या शाखा लुटतात. नोटांच्या बंडलांना हात लावत नाहीत, गल्ल्यातली सुटी रोकड घेतात, कॅसिनोत फिरवून 'पांढरी' करतात आणि बँकेचंच कर्ज बँकेच्याच पैशानं फेडतात. मागावर एक निवृत्तीला टेकलेला टेक्सास रेंजर, आणि त्याचा अर्धा कोमांची, अर्धा मेक्सिकन जोडीदार अल्बर्टो.

पण लक्षात राहते ती चोरी नाही. लक्षात राहतात ती वाटेत भेटणारी माणसं. हॉटेलातली एक वेट्रेस टीपचे पैसे पुरावा म्हणून पोलिसांना द्यायला साफ नकार देते, कारण त्यातून तिचं घरभाडं जाणार असतं. साक्षीदार म्हातारे बँकेबद्दल असं बोलतात की चोरापेक्षा बँकेवरच त्यांचा राग जास्त आहे हे कळतं. चोर कुठं गेले, हे कोणी नीट सांगतच नाही. आमच्याकडे याला गाव गप्प बसणं म्हणतात. गाव गप्प बसलं की पोलिसांचं काही चालत नाही, हे १८७५ साली इंग्रजांनाही कळलं होतं.

त्या सालची गोष्ट शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' या नावानं चार ओळींत येते. १२ मे १८७५, सुपे गाव, बाजाराचा दिवस. (नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं एमआयडीसीचं सुपा ते हे नव्हे. हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आज बारामतीत असलेलं सुपे. आमच्याकडचे चांगले शिकलेले लोकही यात घोळ करतात.) आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी आग लागली. पण जमावाची पहिली मागणी होती कागदांची. वह्या द्या, खतं द्या. कागद हातात आले की त्यांची होळी. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले तिथं त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. हे नंतर नेमलेल्या सरकारी आयोगानंच लिहून ठेवलं आहे. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं, शिरूर, इंदापूर, पुरंदर, पारनेर, श्रीगोंदा असं. लष्कर बोलवावं लागलं आणि सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली.

याची ठिणगी आमच्याच शेजारच्या शिरूर तालुक्यात, करडे गावात, आदल्या डिसेंबरात पडली होती. बाबासाहेब देशमुख नावाचा एक प्रतिष्ठित कुणबी. त्याच्यावर काळूराम या सावकारानं दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचं राहतं घर पाडलं. दीडशे रुपये! गावानं ठरवलं की सावकारांची कामं करायची नाहीत, त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. न्हावी, पाणक्या, घरगडी, सगळे थांबले. शेवटी सावकारांना पोलीस बंदोबस्तात सामान घेऊन शिरूरला जावं लागलं. हाणामारी न होता झालेलं हे काम सुप्याच्या जाळपोळीपेक्षा मला जास्त धाडसाचं वाटतं. पण इतिहासात आग लक्षात राहते, बहिष्कार नाही.

आणखी थोडं मागं जायला हवं, कारण सावकार काही आकाशातून पडला नव्हता. पेशवाईतही तो होताच. फरक पडला तो कायद्यानं आणि बाजारानं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दख्खनमध्ये पैसा ओतला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला. यादवी संपली, भाव पडले, सावकारानं हात आखडला. नेमका त्याच सुमारास सरकारनं जमिनीचा फेरआकार केला आणि कित्येक गावांत सारा दीडपट किंवा त्याहून जास्त झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खताला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला, त्यात मागचं व्याज मुद्दल बनून बसायचं. अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. आणि दिवाणी कोर्ट कागदापलीकडे बघत नव्हतं.

म्हणून माणूस न मारता कागद जाळला गेला.

टोबीचं शहाणपण इथं जास्त कळतं. सुप्याच्या लोकांना वाटलं, कागद जळला की कर्ज गेलं. टोबीला माहीत आहे की आजचा कागद जळत नाही, तो दहा ठिकाणी असतो. म्हणून तो बँकेचं देणं पै न् पै भागवतो, जमीन मुलांच्या नावे ट्रस्टमध्ये टाकतो आणि त्या ट्रस्टचा कारभार त्याच बँकेकडे देतो. आता तेलाच्या पैशावर बँकेला फी मिळणार. मग ती आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध कशाला खोदकाम करील? लुटीपेक्षा ही खेळी मला भारी वाटली.

आता आमच्या डोंगराकडचं. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा महादेव कोळ्यांचा. आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले यानं १८७३ पासून सावकारांवर धाडी घालायला सुरुवात केली, म्हणजे सुप्याच्या दोन वर्षं आधी. त्याची खूण होती नाक कापणं. जीव घ्यायचा नाही, पण गावात तोंड दाखवायची सोय ठेवायची नाही. सावकार गावं सोडून पळाले. सरकारनं त्याच्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं, बंदूकधारी पोलिसांची खास तुकडी नेमली, तरी तो १८७६ पर्यंत हाती लागला नाही. शेवटी मेजर डॅनिएलनं त्याला पकडला. त्याच्या आधी तीसेक वर्षं, अकोल्याच्या देवगावचा राघोजी भांगरे याच डोंगरांत हेच करत होता. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. मग १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. त्यांच्यासोबत रामोशी होते, कोळी होते. आणि पुढं निजामाच्या मुलखात त्यांनी ज्याच्याशी संधान बांधलं तो रोहिल्यांचा सरदार होता, इस्माईल खान. या नावाचा उल्लेख व्याख्यानांत क्वचितच होतो, म्हणून इथं मुद्दाम लिहितो.

आता थोडं अडचणीचं. या सगळ्या गोष्टी सांगताना 'सावकार' हा शब्द फार लवकर 'मारवाडी' होतो. आयोगाच्या अहवालातही तो झाला आहे, आमच्या चौकातल्या गप्पांत तर होतोच. बाहेरून आलेला, आपला नसलेला, म्हणून लुटारू. सुप्यालाही राग बाहेरच्या सावकारावर जास्त होता, गावच्या बामण किंवा कुणबी सावकारावर कमी. मला हे वाचताना बरं वाटत नाही. एका अख्ख्या जमातीच्या कपाळावर शिक्का बसला की काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शिवाय आपले हात तरी कुठे स्वच्छ आहेत? 'पठाणी व्याज' हा शब्द मराठीत आला तो मुंबईच्या गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या काबुली पठाणामुळे. सूद हराम हे त्यालाही माहीत होतंच.

आमच्या दादीचं एक बोलणं होतं. सूद खाणारा गुन्हेगार, देणारा गुन्हेगार, लिहिणारा गुन्हेगार आणि साक्ष करणाराही. ही हदीस तिनं मशिदीच्या इमामांकडून ऐकलेली. लहानपणी मला यातलं 'लिहिणारा' विचित्र वाटायचं. बिचारा कारकून, त्यानं काय केलं? १८७५ वाचल्यावर उलगडा झाला. लिहिल्याशिवाय व्याजाला पाय फुटत नाहीत.

दादी हे सांगायची आणि दादांनी मात्र १९७२ च्या दुष्काळात दोन एकर घालवली. आम्ही गावचे मुलाणी, थोडी जमीन होती. विहीर आटली, दोन बैल गेले, दादांनी पैसे उचलले. सावकारानं गहाणखत केलंच नाही. खरेदीखत केलं, आणि तोंडी बोली की पैसे आणून दिले की जमीन परत. याला आमच्याकडे मुदत खरेदी म्हणतात. दादांनी अंगठा दिला. तीन वर्षांनी पैसे घेऊन गेले तेव्हा सावकार म्हणाला, मुलाणी, तुम्ही जमीन विकली होती, आठवत नाही का?

ही युक्ती त्या माणसाची नव्हती. दंग्यांनंतर १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कोर्टाला खताच्या मागं जाऊन खरं देणं किती हे बघायची मुभा मिळाली. कायदा चांगलाच होता. त्यावर सावकारांनी शोधलेली वाट म्हणजे गहाणखताऐवजी खरेदीखत. विक्री झाली म्हटल्यावर हिशोब कसला तपासता! ती वाट नव्वद वर्षं चालत आमच्या दारापर्यंत आली. २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात अशी बळकावलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे, पण व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. आमच्या कागदाला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

त्यामुळे अब्बांनी "जमीन सुटली का" विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, पण पुढचं नीट सांगितलं नाही. सुटली ती फुकट नाही. बँकेत पहारेकरी मेला, एक गिऱ्हाईक मेलं. टॅनर डोंगरावर मारला गेला, पण त्याआधी त्यानं अल्बर्टोला गोळी घातली. ज्यांचा बँकेशी काही संबंध नव्हता अशी माणसं गेली. आणि अल्बर्टोनं आधीच सांगून ठेवलेलं असतं की दीडशे वर्षांपूर्वी ही जमीन त्याच्या वाडवडिलांची होती. ज्यांनी ती हिसकावली त्यांच्या नातवंडांकडून आता बँक हिसकावते आहे. सिनेमा आपल्याला भावांच्या बाजूला उभं करतो आणि मग हळूच हे दाखवतो. होन्यानं कापलेल्या नाकांमध्ये एखादं असंही असेल ज्याच्या मालकाच्या वहीत कोणाचं वाईट नव्हतं. त्याची नोंद कुठं सापडत नाही.

भाच्याला यातलं बरंचसं नवीन होतं. बँका शेतजमीन अशा घेऊ शकतात का, त्यानं विचारलं. मी सांगितलं, ज्या सरफेसी कायद्यानं बँका घरं-कारखाने परस्पर जप्त करतात त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर कलम १०१ ची नोटीस येते, मग सातबाऱ्यावर बोजा, मग जप्ती. आणि जिथं बँक दारात उभी करत नाही तिथं अजूनही कोणीतरी कोरा स्टँपपेपर घेऊन बसलेला असतोच.

दुसऱ्या दिवशी त्याला स्टँडवर सोडायला निघालो. अब्बाही आले. वाटेत रस्त्याच्या डाव्या हाताला कांद्याची एक मोठी चाळ लागते, तिच्या पुढं तारेचं कुंपण. अब्बांनी भाच्याला तिकडं बोट करून दाखवलं, "ते दोन एकर." भाचा म्हणाला, "नानू, तुम्ही आधी कधी दाखवलं नाही." तेवढ्यात पुण्याची गाडी लागली.