भंडाऱ्याहून रंगूनकडे



१९५४ सालचा विषय निघाला की आमच्या घरातली जुनी माणसं "बाबासाहेब आपल्याकडे पडले" एवढंच बोलत आणि गप्प होत. त्या वर्षी भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. परमपूज्य बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. ही सल आपल्या जिल्ह्याच्या मनात आजही आहे. पण त्याच वर्षी बाबासाहेब पुढे कुठे गेले, हे आपण मुलाबाळांना क्वचितच सांगतो.

मे महिन्यातच ते ब्रह्मदेशाच्या तेव्हाच्या राजधानीत, रंगूनला, बुद्धजयंतीसाठी गेले. ते शहर फार सोसून बसलं होतं. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. लाखो भारतीय जंगल-डोंगर तुडवत मायदेशी निघाले. हजारो वाटेतच मेले. १९ जुलै १९४७ रोजी राष्ट्रनेते आंग सान यांना सहकाऱ्यांसह भर बैठकीत गोळ्या घातल्या गेल्या. ४ जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य आलं, आणि पाठोपाठ यादवीही आली.

अशा घायाळ शहरात, पंतप्रधान ऊ नू यांच्या कारकिर्दीत, १७ मे १९५४ रोजी सहावी धम्मसंगीती सुरू झाली. अडीच हजार भिक्खू त्रिपिटकाचे पाठ ताडून पाहू लागले. हे काम दोन वर्षं चाललं.

डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब पुन्हा रंगूनला गेले. प्रकृती ढासळली होती, तरी गेले. परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच!

म्हणजे ज्या वर्षी आपल्या जिल्ह्यात मतपेटीनं त्यांना नाकारलं, त्याच वर्षी धम्माच्या वाटेवर ते दोन पावलं पुढे गेले. तेव्हा भंडाऱ्याची आठवण नुसती खाली मान घालून सांगू नये.

मात्र रंगूनची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १९६२ साली लष्करानं ऊ नूंची सत्ता उलथली. २००७ साली चीवरधारी भिक्खू जुलमाविरुद्ध रस्त्यावर उतरले. आणि २०१७ साली त्याच देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या घरदार सोडून पळाले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पेटवणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. घरोघरी बुद्धमूर्ती आहे, पण करुणा नाही, तर तो धम्म कसला?

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी हाच प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. मूर्ती आपण बसवली, रंगरंगोटी केली, वर्गणीही जमवली. आता शेजारच्याचं दुःख आपलं वाटतं का, हे पाहायचं.

नमो बुद्धाय! जयभीम!