'सकाळ' खटला आणि पानांचा हिशेब

गोपाळ गणेश आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले, हा प्रसंग आम्ही वर्गात विचारांचा संघर्ष म्हणून शिकवतो. तो तसा होताच. परंतु त्याला एक साधी व्यावहारिक बाजूही होती, आणि तिच्याकडे आम्हा साहित्याच्या मंडळींचे लक्ष क्वचितच जाते. सहकाऱ्यांशी मतभेद झालेल्या संपादकाला पुढच्याच वर्षी 'सुधारक' काढता आला. पत्र काढणे ही तेव्हा एका प्राध्यापकाच्या आणि त्याच्या स्नेह्यांच्या आवाक्यातली गोष्ट होती. न पटणाऱ्याने आपले पत्र काढावे, हे उत्तर त्या काळी खरे होते. पुढे ते खरे राहिले नाही, आणि वृत्तपत्रसुधारणेचा प्रश्न तेथून सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९५२ साली, सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला. आचार्य नरेंद्र देव, झाकीर हुसेन, व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासारखे सदस्य त्यावर होते. १९५४ च्या अहवालातून पुढे वृत्तपत्र निबंधक आले, प्रेस कौन्सिल आली. परंतु आयोगाची सर्वांत धीट सूचना किंमत आणि पाने यांची सांगड घालण्याची होती. वरवर ती कारकुनी वाटते. तिच्यामागचा विचार मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे.

वृत्तपत्र हा एक चमत्कारिक माल आहे. तो दोनदा विकला जातो: एकदा वाचकाला, एकदा जाहिरातदाराला. ज्याच्याकडे जाहिराती अधिक, तो छपाईच्या खर्चापेक्षा कमी किमतीत जाडजूड अंक देऊ शकतो. जाड व स्वस्त अंकाकडे वाचक वळतो, वाचक वळला की जाहिराती वळतात, आणि तालुक्याच्या गावचे चार पानी पत्र मजकुरात सरस असूनही बंद पडते. म्हणून अमुक किमतीला अमुकच पाने, असे कोष्टक असावे, असे आयोगाने सुचवले. १९५६ साली तसा कायदा झाला आणि १९६० साली त्याखालचा आदेश निघाला.

या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात 'सकाळ' गेला, ही या कथेतली विलक्षण गोष्ट. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात काढलेले हे पत्र काही कोण्या उद्योगसमूहाचे मुखपत्र नव्हते. रविवार सोडून सहा दिवसांत मिळून चौतीस पाने आणि अंकाची किंमत सात नवे पैसे, असा त्याचा संसार. पाने वाढवायची तर किंमत वाढवा, पुरवणी काढायची तर सरकारची परवानगी घ्या, हे परुळेकरांना मान्य होणे शक्य नव्हते. मोठ्या भांडवलाला आवर घालण्यासाठी विणलेल्या जाळ्यात असा मासा अडकला.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला. घटनापीठासाठी तो न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात. भाषणस्वातंत्र्यावर मात्र राज्यघटनेच्या कलम १९ (२) मध्ये नमूद केलेल्या कारणांसाठीच, आणि त्यांत सर्वसाधारण 'सार्वजनिक हित' नाही. खप आणि पाने हा अभिव्यक्तीचाच भाग आहे. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

आमच्या मते निकाल योग्य होता. पुरवणीसाठी सरकारची परवानगी लागणारे पत्र आणीबाणीत किती दिवस तग धरते, याचा विचार केला तरी पुरे. परंतु या युक्तिवादात मालकाचे स्वातंत्र्य म्हणजेच वृत्तपत्राचे स्वातंत्र्य असे समीकरण न बोलता मान्य झाले, आणि ते आजतागायत सुटलेले नाही. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात कागदाच्या कोट्याचे धोरण बहुमताने रद्द झाले, तेव्हा एकटे न्यायमूर्ती मॅथ्यू वेगळे पडले. वाचकाच्या, ऐकणाऱ्याच्या बाजूनेही या स्वातंत्र्याकडे पाहिले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८२ च्या त्या अहवालाने वृत्तपत्रे इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी करावीत असे सुचवले. चार सदस्यांनी भिन्न मत नोंदवले आणि अहवाल फडताळात गेला.

नंतरचा प्रवास परिचित आहे. १९८५ साली 'सकाळ' पवार कुटुंबाकडे गेला. २००९ च्या निवडणुकांत बातमीच विकली गेली. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन अहवाल लिहिला, तर २०१० साली कौन्सिलने त्याचे नावे गाळलेले संक्षिप्त रूपच प्रसिद्ध केले. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये, बाहेर आला. मालकांनी स्वतःच स्वतःला शिस्त लावावी, या सूचनेचे काय होते ते यावरून दिसते. २०१४ साली ट्रायने उद्योगसमूह आणि राजकीय पक्ष यांच्या माध्यम-मालकीवर निर्बंध सुचवले. त्यांचा कायदा झाला नाही. २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली, तेव्हा आडवे येईल असा कोणताही नियम नव्हता.

सुधारणा हवी ती मजकुराला हात न लावणारी हवी. संपादकाला नेमण्याचे आणि काढण्याचे नियम लेखी असावेत, जाहिरातदाराशी झालेला करार वाचकाला पाहता यावा, एकाच प्रदेशातील दैनिक, वाहिनी आणि केबल एका हाती किती असावी याला मर्यादा असावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी पाने मोजावी लागत नाहीत. सरकारी जाहिरातींचे वाटप हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९५६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वृत्तपत्राला फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालक, प्रकाशक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असणारे भागीदार यांची नावे छापावी लागत. बारीक टंकातली ती चौकट आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाही वाचलेली नसेल. ग्रंथालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली चाळताना आम्ही अग्रलेख उतरवून घेतो आणि ती चौकट ओलांडून पुढे जातो. तीत भागीदार म्हणून पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या कंपनीचेच नाव असते, आणि त्या कंपनीमागे कोण आहे, तिला कर्ज कोणी दिले, हे सांगण्यासाठी तेथे रकानाच नाही.