एकास बहात्तर

छावणी ओलांडून दौलताबादच्या दिशेने निघाले की पडेगाव लागते. तेथे राहणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, गेले काही महिने एक मिग-२१ विमान आकार घेत आहे. लांबी जेमतेम वीतभर. राखाडी प्लॅस्टिकचे तुकडे, चिमटा, पातळ पाते, दाढीच्या केसासारखे बारीक कुंचले आणि एनॅमल रंगाच्या अंगठ्याएवढ्या डब्या. हे सद्गृहस्थ महाविद्यालयात मराठी शिकवतात. "हा पोरखेळ या वयात कशाला?" असे आम्ही त्यांना थट्टेने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पोरखेळ नव्हे हो, पाठचिकित्सा." त्या वेळी आम्ही हसलो. पुढे विचार करता ते उत्तर आम्हांला पुरते गंभीर वाटू लागले. हा लेख त्या उत्तराचा मागोवा आहे.

प्रतिकृती या शब्दाकडे आपण साहित्याची माणसे जरा तुच्छतेनेच पाहतो. नक्कल, अनुकरण, छाया हे आपल्याकडे दूषणाचे शब्द. आमच्या शहराला तर हे दूषण साडेतीनशे वर्षांपासून चिकटलेले आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची कबर असलेला बीबी का मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला, आणि तेव्हापासून तो 'दख्खनचा ताज' याच नावाने ओळखला जातो. या कौतुकातच अवहेलना आहे. ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र अताउल्ला यांचे नाव मकबऱ्याशी जोडले जाते, म्हणजे बापाची कृती मुलाने पुन्हा वाचली असे म्हणण्यास जागा आहे. परंतु पर्यटक येतात, तुलना करतात, संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवतात आणि परततात. मकबऱ्याकडे मकबरा म्हणून पाहणे राहूनच जाते. ज्या गावावर अशी छाया आहे, तेथे प्रतिकृतीच्या इतिहासाचा विचार व्हावा हे योग्यच होय.

प्लॅस्टिकच्या विमानांचा इतिहास फार जुना नाही. १९३२ साली इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' या नावाने लाकडी विमानांचे संच निघाले. त्यांचे प्रमाण एकास बहात्तर होते, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस या मापात एक इंचाचा होतो. फूट आणि इंच यांच्या हिशेबाला सोयीचे असे हे माप पुढे जगभर रूढ झाले. १९३६ मध्ये 'फ्रॉग' या कंपनीने याच मापात प्लॅस्टिकचे संच आणले. मुळात ही कंपनी उडणारी खेळणी करीत असे. न उडणाऱ्या या नव्या मालिकेला तिने मोठ्या मिस्कीलपणे 'पेंग्विन' हे नाव दिले. या प्रकाराची सारी मर्यादा त्या एका नावात सांगितली गेली आहे. पक्षी आहे, पंखही आहेत, पण उड्डाण नाही.

यानंतर युद्ध आले आणि खेळणे शस्त्रागारात गेले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या दहा हजार प्रतिकृती. प्रमाण तेच, एकास बहात्तर. रंग मात्र एकच, काळा. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकाने क्षणात ओळखावे, यासाठी त्याला केवळ बाह्याकृती शिकवायची होती. पस्तीस फुटांवर धरलेली ही प्रतिकृती जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी भासते. मुलाच्या हातून घासून निघालेल्या लाकडावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता. हुबेहूबपणाचा आग्रह या छंदात कोठून आला, याचे एक उत्तर येथे सापडते.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन आले. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरायचे, निवले की चौकटीला लटकलेले तुकडे बाहेर काढायचे. साचा करणे खर्चाचे, पण एकदा झाला की लाखो प्रती स्वस्तात निघतात. छापखान्याचेच हे गणित. निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या 'एअरफिक्स' कंपनीने हे गणित ओळखले आणि पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात आपले पहिले लहान स्पिटफायर विमान बाजारात आणले. गंमत अशी की ते खऱ्या विमानावरून केलेले नव्हते. 'ऑरोरा' या अमेरिकी कंपनीच्या मोठ्या संचाची ती लहान केलेली नक्कल होती आणि विमानाच्या अंगावरची अक्षरेही तिकडूनच चुकीसह उतरली होती. हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिकाची चूक पिढ्यान्‌पिढ्या कशी वाहत येते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. प्रतीची प्रत, आणि तिच्यात मूळ प्रतीचा दोष जसाच्या तसा.

आमच्या सहकाऱ्याच्या उत्तराचा अर्थ आता उलगडू लागतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ते पैठणचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. नकला होता होता ग्रंथात शिरलेले अपपाठ दूर करून मुळाशी जाण्याचा तो प्रयत्न होता. ज्ञानदेवांना होऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. मूळ हस्तलिखित हाती नाही, केवळ प्रती आहेत, आणि प्रतींमधून मूळ ओळखायचे आहे. संचातील सूचनापत्रिकेवर विश्वास न ठेवता जुनी छायाचित्रे पडताळणारा मनुष्य लहान प्रमाणात तेच काम करीत असतो.

भारतीय वायुसेनेच्या विमानावरील वर्तुळचिन्हाचेच उदाहरण घ्यावे. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या या दलाच्या विमानांवर आरंभी ब्रिटिशांचेच तांबडे, पांढरे, निळे वर्तुळ होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. घोटाळ्यात आपलाच माणूस आपल्या गोळीला बळी पडू नये म्हणून या आघाडीवरील चिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला आणि निळ्याच्या दोन छटा उरल्या. स्वातंत्र्यानंतर काही काळ तेथे निळे अशोकचक्र आले. २६ जानेवारी १९५० रोजी दलाच्या नावातील 'रॉयल' हा शब्द गळाला आणि केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ स्थिर झाले. वीसच वर्षांत चार चिन्हे. पाण्यात भिजवून उतरवायचे, नखाएवढे चित्र विमानावर चिकटवताना साल चुकले तर राज्यच बदलते! इतिहासाच्या कितीशा पुस्तकांत वसाहतीचा अंत इतक्या नेमकेपणाने दाखवलेला असतो?

आपल्याकडे हा छंद उशिरा आणि तुरळक आला. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी संच म्हणजे परदेशी नातेवाइकाची कृपा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मुले विमाने करीत, पण ती हलक्या बाल्सा लाकडाची आणि उडवण्यासाठीची. काळाचा फेरा पाहा. पुढे याच एअरफिक्सचे काही संच भारतात तयार होऊन परदेशी दुकानांत जाऊ लागले.

तरीही मराठी मुलाला प्रतिकृती परकी होती असे म्हणता येत नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे ही आमची प्रतिकृतीकलाच. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजलेले गोणपाट, वर चिखलाचा लेप, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि बाजारातून आणलेले मावळे. त्यात प्रमाण कधीच नसते. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात आणि तोफेपेक्षा वासुदेव मोठा असतो. परंतु ही चूक म्हणता येणार नाही. तेथे प्रत्येकाचे आकारमान मनातल्या त्याच्या थोरवीने ठरते. प्लॅस्टिकच्या विमानाचे माप मोजपट्टीने ठरते. एक स्मरणाची रीत आहे, दुसरी पुराव्याची. या दोन रीतींची सरमिसळ झाली की काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तळपदे ही व्यक्ती खरी, त्यांची विमानविद्येची ओढही खरी. मात्र त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, मोजमापाचा आराखडा नाही, यंत्राचा अवशेष नाही. या कथेला पुष्टी म्हणून ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांची प्रतिकृती करायला बसलेल्या प्रामाणिक कारागिराचे हात पहिल्याच तुकड्याशी थांबतील. पंखाची लांबी किती? याचे उत्तर नसेल, तर जे होईल तो मातीचा किल्ला होईल. किल्ला करायला हरकत नाही. त्याला एकास बहात्तर म्हणू नये, इतकेच.

येथवर आम्ही प्रतिकृतीची बाजू मांडली. आता तिच्यावरचा आक्षेप. आमच्या शहराच्या आकाशाशी जोडलेली सर्वांत ठळक आठवण २६ एप्रिल १९९३ ची आहे. त्या दुपारी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या मालमोटारीवर आदळले, पुढे विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मरण पावले. त्या काळी येथे असलेल्या कोणालाही विचारावे, तो आपण तेव्हा कोठे होतो ते सांगतो. परंतु हे विमान कोणाच्या मांडणीत दिसत नाही. बोइंग ७३७ चे संच मिळतात, नाही असे नाही. त्यावर इंडियन एअरलाइन्सचे रंग चढवून ते मांडावे असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. खोक्यांवरची चित्रे युद्धाची असतात, आणि त्यांत आग नेहमी दुसऱ्याच्या विमानाला लागलेली असते.

टेबलावरच्या मिग-२१ विषयीही हेच म्हणावे लागते. १९६३ मध्ये हे विमान वायुसेनेत आले. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते बांधले जाऊ लागले, म्हणून महाराष्ट्राशी त्याचे नाते घरचे आहे. १९७१ च्या युद्धात त्याने पराक्रम केला, आणि पुढच्या दशकांत अपघातांमुळे त्याच्याविषयी भीतीही दाटली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. आता ते प्रतिकृतीतच उरणार. संच त्याच्या पंखाचा कोन केसाइतका अचूक सांगतो, पण त्याच्यातून न परतलेल्या तरुणांविषयी काही सांगत नाही. तो सांगू शकतही नाही.

हे आम्ही सहकाऱ्यापाशी बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पातळ केलेला काळा रंग कुंचल्याच्या टोकावर घेतला आणि विमानाच्या शेपटाकडे धुराचे पट्टे ओढू लागले. नव्या कोऱ्या विमानावर ते का, असे आम्ही विचारले. "वापरलेले दिसले पाहिजे," ते म्हणाले. "माणसे यात बसली होती, एवढे तरी कळावे." कॉकपिटमधला इंचभराचा वैमानिक मात्र त्यांनी बसवला नाही. तो चौकटीलाच लटकत राहिला आहे.

या रिकाम्या आसनात आम्हांला आमच्या शंकेचे अर्धे उत्तर मिळाले. प्रतिकृतीला आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, ती मुळासारखी आहे का? हा प्रश्न मकबऱ्यावर अन्याय करतो, अनुवादावर करतो आणि छंद म्हणून बाजूस सारलेल्या या विमानांवरही करतो. लहान करताना काय ठेवले, काय गाळले आणि गाळलेल्याची जाणीव करणाऱ्याला आहे की नाही, हे विचारले पाहिजे. इतिहासाचे प्रत्येक पुस्तक हीदेखील कोणत्या तरी प्रमाणातली प्रतिकृतीच असते. प्रमाण मुखपृष्ठावर छापलेले नसते, एवढाच फरक.

परतताना छावणीच्या रस्त्यावर अंधार पडला होता. दूर पूर्वेकडे एक विमान उतरत होते. हात लांब करून आम्ही ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पाहिले. त्या अंतरावरून तेही एकास बहात्तरच दिसत होते, आणि त्यात माणसे होती.