आहे, पण सापडत नाही

‘तुमचं नाव यादीत नाही.’ एका कचेरीच्या खिडकीवर हे ऐकून मी एकदा परत फिरलो होतो. नाव होते. यादी तेव्हाच नव्या वहीत उतरवली जात होती, एवढेच. असा प्रसंग संगणकावरही आला होता.

लिनक्स प्रणाली फाइलींची नावे स्मृतीत अनेक साखळ्यांत ओवून ठेवते. पूर्वी एकाने नाव शोधायला घेतले की साऱ्या साखळ्यांना कुलूप लागे आणि बाकीचे ताटकळत. प्रोसेसर वाढले तशी ही रांग असह्य झाली. २००३च्या सुमारास आयबीएमचे पॉल मॅकेनी, दीपंकर सर्मा आणि मनीष सोनी यांच्या कामातून कुलपाशिवाय शोध शक्य झाला.

पण समजा, शोधणाऱ्याचे बोट वाटेतल्या एका नावावर आहे आणि नेमके त्याच क्षणी त्या फाइलीचे नामांतर झाले. ती दुसऱ्या साखळीत गेली, बोटही तिच्याबरोबर गेले. हवे असलेले नाव मागेच राहिले. शोधणारा परक्या साखळीच्या टोकाला पोचून सांगतो, ‘फाइल नाही.’ हे क्वचितच घडते, म्हणूनच पकडायला अवघड.

उपाय साधा. एक आकडा ठेवला. कुठलेही नामांतर झाले की तो बदलतो. शोधाआधी तो पाहून ठेवायचा. नाव सापडले तर प्रश्नच मिटला. सापडले नाही आणि आकडा बदललेला दिसला, तर पुन्हा पहिल्यापासून शोधायचे.

‘आहे’ म्हणायला एकदा दिसणे पुरते. ‘नाही’ म्हणण्याआधी मात्र पुन्हा पाहावे. खिडकीपलीकडच्या त्या गृहस्थांकडून माझी एवढीच अपेक्षा होती.