कोणता काळवीट मारायचा? आष्टीच्या माळावरील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/१२
बीड जिल्ह्यातील आष्टी हा बालाघाटच्या कुशीतला, कमी पावसाचा तालुका. येथील माळरानावरचे काळवीट रब्बीच्या ज्वारीत आणि हरभऱ्यात उतरतात. या कळपावर अधिकार कोणाचा आणि त्यातील कोणते जनावर मारणे योग्य, हा वाद मात्र आजचा नाही. #इतिहास #धागा

२/१२
आधी कळपाची रचना पाहू. लोकव्यवहारात काळविटाला हरीण म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या तो कुरंग आहे. त्याची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. नर लहानपणी माद्यांसारखाच तपकिरी असतो आणि वयात येताना काळा होत जातो. मोजके प्रौढ नर आपापली हद्द राखतात. हद्द नसलेले नर वेगळ्या टोळीत फिरतात.

३/१२
एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे काही नर गेले तरी पुढच्या पिढीची संख्या फारशी घटत नाही. मादी गेली तर तिची पुढची सारी पाडसेही जातात. ‘नर मारावा, मादी राखावी’ या नियमाचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

४/१२
दख्खनमधील मृगयेचे वर्णन बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या या ग्रंथात शिकवलेल्या चित्त्याकरवी होणाऱ्या शिकारीचाही उल्लेख आहे.

५/१२
ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली. कोल्हापूर संस्थानात डोळे झाकलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ नेत आणि मग सोडत. त्याने काळा नर धरावा, ही अपेक्षा असे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

६/१२
दरबारी शिकारीत निवड होती. पण ती रुबाबाची. सर्वांत काळा, लांब शिंगांचा नर म्हणजे बहुधा हद्द राखणारा, ऐन भरातला नर. बंदूकधारी साहेबालाही भिंतीवर तीच शिंगे हवी असत. हद्द गमावलेल्या म्हाताऱ्या नराकडे कोण पाहणार?

७/१२
याच माळावर दुसरी एक शिकारपरंपरा होती, फासेपारध्यांची. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास केला. फाशात अडकलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून द्यायचे, असा पारध्यांचा जुना दंडक त्यांनी नोंदवला आहे.

८/१२
त्याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. फासेपारध्यांचा भर काळवीट व पक्ष्यांवर, नंदीवाल्यांचा कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुकरांवर, तर वैदूंचा मुंगूस, उदमांजर अशा लहान प्राण्यांवर. एकाच मुलखात राहूनही शिकार वाटून घेतलेली होती.

९/१२
आता सरकारी कायदा. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. अशी बंदी केवळ माद्यांपुरती किंवा अल्पवयीन जनावरांपुरतीही घालता येई. मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारणाऱ्याला मात्र सूट होती. म्हणजे पारध्यांचा अलिखित दंडक आणि साहेबाचा छापील कायदा यांचा गाभा एकच होता.

१०/१२
फरक वागणुकीत होता. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या जाळ्यात पारधी समाज सापडला. नियम पाळून रानावर जगणारा माणूस जन्मतःच संशयित ठरला आणि परवाना घेऊन शिंगे जमवणारा ‘शिकारी’ म्हणून मिरवला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कलंक पुसला गेला नाही.

११/१२
आष्टीची गुंतागुंत आणखी वेगळी. तालुका निजामाच्या राज्यात, तर शेजारचे कर्जत-जामखेड ब्रिटिश नगर जिल्ह्यात. काळविटाला सरहद्द ठाऊक नव्हती, कायद्याला होती. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. दरम्यान दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि प्रखर दिवे आले. रात्रीच्या उजेडात दिपलेल्या कळपावर गोळ्या सुटू लागल्या, तेव्हा नर, मादी, पाडस हा भेदच संपला.

१२/१२
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला. १९८० मध्ये आष्टीशेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौ.कि.मी. त्यामुळे कळप शेतात येणारच. १९१२ ची मालमत्ता-रक्षणाची सूट येथे नाही; पीक खाल्ले म्हणून काळवीट मारता येत नाही, नुकसानभरपाई मागता येते. ‘कोणता मारायचा’ या प्रश्नाचे कायद्याचे उत्तर आज ‘एकही नाही’ असे आहे. जीपच्या काळात जे घडले ते पाहता ते आवश्यकच होते. परंतु त्या उत्तराची किंमत कोरडवाहू शेतकरी पिकाने आणि पारधी उपजीविकेने मोजतो, हेही इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.